फाटे फुटणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत पुढे-मागे वाहणारा प्रवाह: मणी जागेवर परत का येत नाहीत?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकोन रबराची) चिप आहे. मूळ वाहिनी २०० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन खोल आहे. ती दोनदा फुटते (१०० मायक्रॉनचे दोन फाटे, पुढे ५० मायक्रॉनचे चार) आणि एकूण लांबी २० मिमी भरते. पाण्यात ५ मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे मणी आहेत. प्रवाहासाठी सिरिंज पंपावर १ मिलीची प्लास्टिकची सिरिंज लावली आहे, १ हर्ट्झने पुढे-मागे, आणि मूळ वाहिनीत पाण्याने सरासरी ४०० मायक्रॉनचा फेरा (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर) मारावा अशी अपेक्षा आहे. वीस मिनिटांनी दिसते ते असे: बरेच मणी एकाच बाजूच्या फाट्यांत सरकलेले, काही फाट्याच्या टोकाला (वाहिनी जिथे दुभंगते तिथल्या मधल्या कोपऱ्याला) चिकटलेले, उरलेले जेमतेम हलणारे. विचारणा अशी की हे स्टेडी स्ट्रीमिंग (पुढे-मागे प्रवाहात जडत्वामुळे तयार होणारा मंद एकतर्फी प्रवाह) आहे का, आणि फुप्फुसाच्या खोल भागाचे मॉडेल म्हणून हे मांडता येईल का.

स्ट्रीमिंग जवळजवळ नक्कीच नाही. तुमच्या आकड्यांवर निव्वळ पाणी प्रत्येक फेऱ्यानंतर जिथल्या तिथे परत यायला हवे. ते येत नसेल तर पुढे आणि मागे यांतली समानता कुठेतरी मोडते आहे. ती नेमकी कशाने मोडते हे सापडेपर्यंत कणांबद्दलचा कोणताही निष्कर्ष काढू नका.

आकडे मांडून पाहू. फेरा ४०० मायक्रॉन म्हणजे अँप्लिट्यूड २०० मायक्रॉन, त्यामुळे सरासरी वेगाचे शिखर सेकंदाला १.२६ मिमी. वाहिनीचा हायड्रॉलिक व्यास (आयताकृती वाहिनीचा समतुल्य व्यास) ८० मायक्रॉन, म्हणून रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि व्हिस्कॉसिटी यांचे गुणोत्तर) सुमारे ०.१. अर्धी खोली २५ मायक्रॉन धरली तर वोमर्सली अंक (पुढे-मागे प्रवाहात जडत्व किती जाणवते त्याचे माप) ०.०६६. दोन्ही इतके लहान आहेत की पाण्याला जडत्व जवळपास नाहीच. दाब बदलला की त्याच क्षणी पूर्ण विकसित प्रवाह तयार होतो आणि दाब उलटला की तीच वाट उलटी चालतो. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी ग्लिसरीनमध्ये रंगाचा ठिपका फिरवून विरवला आणि उलटे फिरवून पुन्हा जमवून दाखवला, तेच इथे लागू आहे. लाटेचा आकार साइन असो वा करवती, फरक पडत नाही. पुढे गेलेले घनफळ आणि मागे आलेले घनफळ तेवढे सारखे हवे.

आणि नेमके तेच तुमचा पंप देऊ शकत नाही. ४०० मायक्रॉन गुणिले २०० गुणिले ५० म्हणजे एका फेऱ्यात ४ नॅनोलिटर. १ मिलीच्या नेहमीच्या प्लास्टिक सिरिंजचा आतला व्यास सुमारे ४.८ मिमी असतो. ४ नॅनोलिटरसाठी तिचा दट्ट्या फक्त ०.२२ मायक्रॉन सरकायला हवा. पंपाच्या स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी ढिलाई) याच्या कित्येक पट असतो आणि दट्ट्याचा रबर तर इतक्या अंतरात जागचा न हलता नुसता दबतो. स्क्रीनवर १ हर्ट्झ लिहिलेले असले तरी वाहिनीत पोचते ते रबर आणि नळीच्या लवचिकतेतून गाळून उरलेले काहीतरी. १० मायक्रोलिटरची काचेची सिरिंज घेतली तर दट्ट्याचा प्रवास सुमारे २२ मायक्रॉन होतो, पण दिशा बदलतानाचा बॅकलॅश तिथेही त्रास देतोच. या कामाला सिरिंज पंप हे साधनच चुकीचे आहे.

दाबाने चालवा. फाटे धरून तुमच्या चिपचा रोध (दाब भागिले प्रवाह) सुमारे १.४ गुणिले १० चा १३ वा घात, पास्कल-सेकंद प्रति घनमीटर इतका येतो. आयताकृती वाहिनीसाठी १२ गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले लांबी, भागिले रुंदी गुणिले खोलीचा घन, आणि बाजूच्या भिंतींची दुरुस्ती. खोलीचा घन आहे हे विसरू नका: मास्टर (मूळ साचा) ५० ऐवजी ४५ मायक्रॉनचा निघाला तर रोध ३७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून साच्याच्या कागदावरची खोली न धरता एक चिप आडवी कापून मायक्रोस्कोपखाली खरी खोली मोजा. आता १.२६ मिमी वेगासाठी लागणारा दाब काढला तर तो १७६ पास्कल येतो, म्हणजे पाण्याचा १८ मिमी उंचीचा स्तंभ. एवढाच! यातून दोन गोष्टी निघतात, एक सोयीची आणि एक घातक.

सोयीची ही की पाण्याची एक छोटी टाकी उभ्या स्लाइडवर बसवून १८ मिमी त्रिज्येच्या क्रँकने वर-खाली केली की काम होते. नेमा १७ स्टेपर मोटर, तिचा ड्रायव्हर आणि स्लॉट सेन्सर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. स्लाइड आणि क्रँकची चकती भोसरीतला कोणीही लहान सीएनसीवाला करून देईल. क्रँकचा दांडा त्रिज्येच्या निदान दहापट, म्हणजे १८० मिमी ठेवा. १ हर्ट्झपर्यंत हे छान चालते. त्यापुढे टाकीतले पाणी आणि नळी दोन्ही हिंदकळतात. १० हर्ट्झच्या वर जायचे असेल तर स्पीकरचा कोन वापरता येतो, पण साधा ऑडिओ ॲम्प्लिफायर २० हर्ट्झखाली कापतो. कमी फ्रिक्वेन्सीला डीसी-कपल्ड (अगदी मंद बदलही जाऊ देणारा) ॲम्प्लिफायरच लागेल.

घातक ही की १८ मिमीवर सगळा खेळ आहे, त्यामुळे दोन टोकांच्या पातळीत १ मिमीचा फरकसुद्धा मूळ वाहिनीत सेकंदाला ७० मायक्रॉनचा एकतर्फी प्रवाह देतो. २०० मायक्रॉन अँप्लिट्यूडच्या आंदोलनात तो डोळ्यांना दिसत नाही. वीस मिनिटांत मात्र त्याने ८४ मिमी, म्हणजे चिपच्या चारपट अंतर कापलेले असते. मणी एका बाजूला सरकण्यामागे बहुतेक वेळा हेच असते. पातळ्या आपोआप सारख्या होतील या भरवशावर राहू नका: १० मिमी व्यासाच्या दोन टाक्यांना या चिपमधून सम व्हायला पंधरा तासांच्या आसपास लागतात. उपाय सोपा आहे. दोन्ही टाक्यांना जोडणारी तोटी असलेली एक जाड बायपास नळी ठेवा, प्रयोगाआधी पाच-दहा मिनिटे उघडा, मग बंद करा.

इथे एक बारकावा सुटतो. क्रँक आणि दांड्याची सरासरी जागा दोन टोकांच्या बरोबर मध्यावर नसते. ती त्रिज्येचा वर्ग भागिले दांड्याच्या चौपट इतकी सरकलेली असते. तुमच्या मापांत हे ०.४५ मिमी होते, म्हणजे सेकंदाला ३० मायक्रॉनपेक्षा जास्त वाहत जाणे. म्हणून मोटर थांबवून पातळी जुळवणे पुरेसे नाही. मोटर चालू ठेवून अर्ध्या मायक्रॉनचे मणी पाहत स्थिर टाकीची उंची मायक्रोमीटर स्क्रूने अशी लावा की दर फेऱ्याला ते त्याच बिंदूवर परत येतील.

टाक्या रुंदच हव्यात. अर्ध्या मिलिमीटर आतल्या व्यासाच्या उघड्या नळीत पाण्याचे तोंड असेल तर पृष्ठताणाचा दाब साडेपाचशे पास्कलच्या पुढे जाऊ शकतो, तुमच्या चालक दाबाच्या तिप्पट. शिवाय पाणी नळीत पुढे सरकताना आणि मागे हटताना काठाचा कोन वेगळा असतो. ही असमानता थेट प्रवाहात उतरते. चार फाट्यांच्या शेवटी चार नळ्या लावल्या असतील तर त्या काढा आणि चारही तोंडे सामावतील अशी एकच १० मिमीची विहीर पंच करा. चार वेगळ्या पातळ्या म्हणजे चार वेगळे प्रवाह, आणि मग 'डाव्या फाट्यात जास्त मणी जातात' हे निरीक्षण निरर्थक ठरते.

पुण्यात ऋतूचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी उघड्या विहिरीचे पाणी झपाट्याने उडते, आणि पंख्याच्या झोतातली विहीर दुसरीपेक्षा जास्त. पातळीत तासाला ०.१ मिमीचा फरक पडला तरी सेकंदाला ७ मायक्रॉनचा प्रवाह सुरू होतो. दोन्ही विहिरींवर टाचणीचे भोक पाडलेली पॅराफिल्म लावा. पाण्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.८९ आणि ३५ अंशांना ०.७२ मिलिपास्कल-सेकंद असते. एसी नसलेल्या खोलीत सकाळचा आणि दुपारचा फेरा त्याच दाबाला २४ टक्क्यांनी वेगळा येईल, म्हणून चिपशेजारी थर्मामीटर ठेवून तापमान नोंदवत जा. पावसाळ्यात उलट अडचण असते: काचेवर ओलावा धरतो आणि प्लाझ्मा बाँडिंग (प्लाझ्माने पीडीएमएस काचेला जोडणे) कच्चे राहते. काच १२० अंशांना दहा मिनिटे भाजून लगेच वापरली तर फरक पडतो.

बुडबुड्यांकडे वळू, कारण सिरिंज पंपाच्या रचनेत फेरा कमी दिसण्याचे ते दुसरे कारण आहे. चिपच्या आधी नळीत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते. पुण्याचा हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल धरला तर १ मायक्रोलिटर बुडबुड्यामुळे १ हर्ट्झला प्रवाहाचे अँप्लिट्यूड ७३ टक्क्यांवर येते आणि फेरा ४३ अंश मागे पडतो. १० मायक्रोलिटरच्या बुडबुड्याने फक्त ११ टक्के उरते. दाबाने चालवल्यावर हा त्रास बराच कमी होतो. बुडबुडा तेव्हा रुंद नळीतून भरतो आणि चिपवरचा दाब जवळपास तोच राहतो. पण चिपच्या आत, विशेषतः एखाद्या फाट्यात बसलेला बुडबुडा कोणत्याही रचनेत घातकच. तो त्या फाट्याचा रोध बदलतो आणि दोन बाजू असमान होतात. भरण्याआधी चिप व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास ठेवा, बाहेर काढताच विहिरींत पाणी घाला. हवा उपसलेले पीडीएमएस वाहिनीतली उरलेली हवा स्वतःत शोषून घेते आणि पाणी कोपऱ्यांपर्यंत ओढले जाते. पाणी उकळून गार केलेले घ्या. फ्रीजमधले थेट वापरले तर ते वाहिनीत गरम होताना विरघळलेली हवा सोडते.

मणी जेमतेम हलतात याचे कारण वेगळे आहे: ते तळाला बसले आहेत. पॉलिस्टायरीनची घनता १.०५, पाण्याची १.००. ५ मायक्रॉनचा मणी सेकंदाला ०.७७ मायक्रॉन खाली जातो, म्हणजे ५० मायक्रॉनच्या वाहिनीत अगदी छतापासून निघालेलाही ६५ सेकंदांत तळाशी. तुम्ही पाहिले वीस मिनिटांनी. तळाला टेकलेल्या मण्याच्या केंद्रापाशी पाण्याचा वेग सरासरीच्या जेमतेम २९ टक्के असतो, आणि भिंतीच्या ओढीमुळे मणी त्याहूनही मागे राहतो. मायक्रोस्कोपची स्टेज किंचित कललेली असेल तर हे तळाचे मणी उताराकडेही हळूहळू जातात. यावर घनता जुळवणे हाच खरा उपाय. वजनाने सुमारे १३ टक्के साखरेचे द्रावण १.०५ ला पोचते, पण व्हिस्कॉसिटी जवळपास दीडपट होते, म्हणून क्रँकची त्रिज्याही त्याच पटीत वाढवा आणि द्रावण रोज ताजे करा. साधे आणि जड पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर व्हिस्कॉसिटी फारशी बदलत नाही, खर्च मात्र वाढतो. मिठाने घनता जुळवायचा मोह टाळा. मिठाच्या द्रावणात मण्यांवरच्या विद्युतभारामधले प्रतिकर्षण दबते आणि ते एकमेकांना व भिंतीला चिकटतात.

फाट्याच्या टोकाला चिकटलेले मणी मला सगळ्यांत रंजक वाटतात, कारण दोषांच्या या गर्दीत खरे भौतिकशास्त्र तिथेच आहे. टोकावर प्रवाहाचा स्तब्धबिंदू (जिथे वेग शून्य असतो) असतो. मधल्या रेषेवरून येणारा मणी टोकाशी पोचतो, आणि त्याचे केंद्र भिंतीपासून अडीच मायक्रॉनपेक्षा जवळ जाऊ शकत नसल्याने तो आपली प्रवाहरेषा सोडून बाजूला ढकलला जातो. उलट फेऱ्यात भिंत त्याला परत ओढत नाही. पाणी पूर्णपणे उलटते, मणी उलटत नाही, आणि रेनॉल्ड्स अंक शून्य असला तरी हे घडते. लिथोग्राफीत (प्रकाशाने साचा घडवण्याच्या पद्धतीत) टोक कधीच अणकुचीदार येत नाही, थोडे बोथट येते, आणि हा आकार निकालात उतरतो. प्रत्येक चिपच्या टोकाचा फोटो जपून ठेवा. मण्यांचे एकमेकांवर आपटणेही असेच न उलटणारे असते. २००५ मध्ये पाइन, गोलब, ब्रॅडी आणि लेशान्स्की यांनी पुढे-मागे घुसळलेल्या दाट द्रावणात दाखवले की ताणाची एक मर्यादा ओलांडली की कण जागेवर परत येणे थांबते, आणि ती मर्यादा कणांच्या दाटीवर अवलंबून असते. तुमचे २.५ टक्क्यांचे मूळ द्रावण पन्नासपट पातळ करा. घनफळाने ०.०५ टक्के, मिलीलिटरला सुमारे ७५ लाख मणी. मूळ वाहिनीच्या एका मिलिमीटरमध्ये ७५ च्या आसपास दिसतील. मोजायला पुरेसे आणि टक्करी टाळायला विरळ.

कायमचे चिकटणे हा मात्र पृष्ठभागाचा प्रश्न आहे. वाहिनी १ टक्का प्लुरॉनिक एफ-१२७ ने अर्धा तास भिजवा आणि मण्यांच्या द्रावणात ०.१ टक्का ट्वीन-२० घाला (दोन्ही चिकटणे रोखणारे साबणासारखे पदार्थ). त्यानंतरही जो मणी दहा फेऱ्यांत जागचा हलत नाही तो अडकलेला समजून मोजणीतून वगळा, पण किती वगळले ते लिहा.

एका बाजूच्या फाट्यांत जास्त मणी जाण्याचे आणखी एक कारण ध्यानात असू द्या. दोन फाट्यांतला प्रवाह असमान असेल तर कण प्रवाहाच्या प्रमाणापेक्षाही जास्त संख्येने जोरदार फाट्यात जातात. रक्तवाहिन्यांत हा त्स्वायफाख-फुंग परिणाम म्हणून ओळखला जातो. प्लास्टिकचा एखादा तंतू एका फाट्यात अडकला की तो सुरू होतो. म्हणून कण सोडण्याआधी एकदा स्थिर प्रवाहात चारही फाट्यांतला वेग मोजाच.

मोजमाप दर फेऱ्याला एकच फोटो, नेहमी त्याच टप्प्यावर, असे करा. कॅमेरा मोकळा ३० फ्रेमवर ठेवून मग प्रत्येक तिसावी फ्रेम निवडू नका. मोटर नेमकी १ हर्ट्झ नसते, आणि तो बारीक फरक मणी सरकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसते. क्रँकवरच्या स्लॉट सेन्सरने कॅमेरा ट्रिगर करा, तोही फेऱ्याच्या टोकाला, जिथे वेग शून्य असतो. १० मिलिसेकंदांची गफलत टोकाला ०.४ मायक्रॉनची चूक देते, मध्यावर तीच गफलत १२.६ मायक्रॉनची. सेन्सर दाबाच्या टोकाला लावलात तर तिथे वेग सर्वाधिक असतो, कारण या अंकांवर प्रवाह दाबाबरोबर चालतो. म्हणून सेन्सर क्रँकच्या टोकापासून ९० अंशांवर बसवा. पाण्याची परतफेड तपासायला रंग वापरायचा असेल तर फ्लुरोसीन घ्या, ऱ्होडामाइन बी पीडीएमएसमध्ये मुरतो. फ्लुरोसीनही १० सेकंदांत सुमारे ९० मायक्रॉन पसरतो, म्हणून रंगाची चाचणी तीन-चार फेऱ्यांपुरतीच. लांब चाचणीला अर्ध्या मायक्रॉनचे मणी बरे. ते वीस मिनिटांत विसरणाने ५० आणि बसण्याने १० मायक्रॉनच्या आतच हलतात.

आता समानता कशाने मोडली ते ओळखायची रीत. त्याच चिपवर फाटे नसलेली एक सरळ वाहिनी ठेवा. तिथेही मणी सरकत असतील तर फाट्याचा दोष नाही. मग फ्रिक्वेन्सी तीच ठेवून अँप्लिट्यूड निम्मे करा. सरकणे दर सेकंदाला तेवढेच राहिले तर पातळी, बाष्पीभवन किंवा बसणे. चौथ्या हिश्शावर आले तर जडत्व, कारण ते वेगाच्या वर्गाने चालते. अचानक जवळजवळ थांबले तर टक्करी; मग मण्यांची दाटी निम्मी करून पुन्हा पाहा. चिप १८० अंशांत फिरवल्यावर सरकण्याची दिशा चिपबरोबर फिरली तर कारण चिपमध्ये आहे, खोलीच्या संदर्भात तीच राहिली तर स्टेजच्या कलात. स्ट्रीमिंग खरोखर पाहायचे असेल तर रेनॉल्ड्स अंक दहाच्या वर न्या, खोली २०० मायक्रॉन आणि फ्रिक्वेन्सी काही शे हर्ट्झ घ्या. तिथे कणांवरचे जडत्वाचे उचल-बळही जाणवू लागते, जे दोन्ही फेऱ्यांत त्याच दिशेने लागते. २०१८ मध्ये मुत्लू, एड आणि टोनर यांनी याच गुणावर आखूड वाहिनीत पुढे-मागे प्रवाह देऊन कण एका रेषेत आणले.

फुप्फुसाबद्दल. १५ श्वास मिनिटाला आणि ४०० मायक्रॉन व्यासाची अल्व्हिओलर नलिका (वायुकोशांकडे नेणारी बारीक नळी) धरली तर हवेचा वोमर्सली अंक ०.०६५ येतो, तुमच्या चिपच्या ०.०६६ ला भिडणारा. म्हणून ॲसिनसमधल्या (फुप्फुसाच्या वायुकोश असलेल्या खोल भागातल्या) प्रवाहाचे चित्र म्हणून ही चिप मांडायला हरकत नाही. कण कुठे बसतात याचे चित्र म्हणून मात्र नाही. हवेतला कण हवेच्या हजारपट जड असतो, तुमचा मणी पाण्याइतकाच. १ मायक्रॉनचा थेंब हवेत सेकंदाला सुमारे ३५ मायक्रॉन खाली येतो. तुमच्या चिपमध्ये घनता जुळवल्यावर बसणे उरतच नाही. शिवाय फुप्फुसात भिंती स्वतः फुगतात आणि जसजसे खोल जावे तसतसा प्रवाह कमी होत शून्यावर येतो. कडक चिपमध्ये आत गेलेले सगळे पाणी शेवटच्या विहिरीपर्यंत पोचते. फाट्यांची शेवटची तोंडे बंद करून तिथे ३० मायक्रॉन जाडीचा पीडीएमएसचा पडदा ठेवला आणि तो बाहेरून दाबाने फुगवला तर ही उणीव बरीच भरते. त्या रचनेत पातळीच्या फरकाने वाहत जाणेही थांबते, कारण पाण्याला पलीकडे जायला वाटच राहत नाही. तुमचा उद्देश फुप्फुस असेल तर पुढची चिप अशीच करा, आणि साचा बनवण्याआधी पडद्याची लवचिकता गुणिले चिपचा रोध ही वेळ काढून ती फेऱ्याच्या वेळेच्या दहाव्या हिश्शाखाली येते का ते तपासा.